स्वस्तातला सिंथ घेतला आणि हिरमोड झाला? विकण्याआधी हे करून बघा

सिंथ म्हणजे सिंथेसायझर, विजेवर आवाज घडवणारं पट्ट्यांचं वाद्य. तो घरी आल्याची पहिली संध्याकाळ मजेत जाते. खोकं उघडायचं, दिसेल तो नॉब फिरवायचा, घरच्यांना "हे ऐक, आता हे ऐक" करून वैताग आणायचा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी एकेक गोष्ट खुपायला लागते. चार पट्ट्या एकदम दाबल्या तर तीनच वाजतात. काल रात्री जमलेला आवाज आज सापडत नाही, कारण मधल्या वेळात कुणीतरी नॉब फिरवला आणि यंत्रात आवाज साठवायची सोयच नाही. पट्ट्या इतक्या बारीक की एका बोटाखाली दोन येतात. हळू दाबा, जोरात दाबा, आवाज तेवढाच. आणि ज्या व्हिडिओवर भाळून हे घेतलं, त्यातला तो भरदार नाद तर कुठेच नाही. महिन्याभरात खोकं माळ्यावर जातं, नाहीतर ओएलएक्सवर.

मी मुळात पेटीवाला. छोटा सिंथ घेतला तेव्हा मीही याच वाटेने गेलो आणि दोन महिने तो कपाटात ठेवला. परत बाहेर काढला तेव्हा जे हाताला लागलं ते पायरीपायरीने सांगतो. काही तक्रारी खऱ्याच असतात, त्यांच्यावर उपाय नाही, तेही सांगेन.

पहिली पायरी : तुम्हाला नक्की हवं काय होतं?

आपल्याकडे पट्ट्या असलेल्या कुठल्याही विजेच्या वाद्याला सरसकट 'कॅसिओ' म्हणतात. त्यातून बरीच गफलत होते. भजनाला किंवा सुगम संगीताला साथ करायची, बासरी-सतारीचे तयार आवाज हवेत, ताल आपोआप वाजायला हवा, तर तुम्हाला घरगुती कीबोर्ड हवा होता. यामाहाची पीएसआर-आय मालिका तर भारतासाठीच काढलेली, तिच्यात आपल्याकडचे आवाज आणि ताल घातलेले आहेत. सिंथ ही वेगळी जात. त्यात बासरी नसते. कच्ची लहर असते, ती तुम्ही कापायची, घासायची, वाकवायची आणि आवाज घडवायचा. भजनी मंडळासाठी चुकून तळहाताएवढा सिंथ घेतला असेल, तर पुढचं काहीही वाचू नका, परत करायची मुदत आहे का ते आधी बघा.

दुसरी पायरी : तक्रारींची वही

एक पान घ्या आणि जे जे खटकतं ते लिहून काढा. 'आवाज फालतू आहे' असं लिहू नका, त्यातून काही कळत नाही. 'खालचे सूर ऐकूच येत नाहीत', 'मागे गुंऽऽ असा आवाज येतो', 'कॉर्ड (एकदम वाजणारा सुरांचा गुच्छ) तुटतात' असं लिहा. मग प्रत्येक तक्रारीपुढे एक अक्षर : यंत्राचीच मर्यादा असेल तर 'य', बाहेरच्या वायर-स्पीकरची असेल तर 'ब', आणि अजून आपल्याला येत नसेल तर 'म'. प्रामाणिकपणे लिहिलंत तर 'य' फार थोडे निघतात. माझ्या अकरा तक्रारींत ते तीन होते.

तिसरी पायरी : आधी 'ब' निपटा

यात सगळ्यात लवकर फरक पडतो, म्हणून जरा सविस्तर.

छोट्या सिंथचा आतला स्पीकर बाटलीच्या झाकणाएवढा असतो. खालच्या सप्तकातला सी म्हणजे साधारण ६५ हर्ट्झ, तो मूळ सूर या स्पीकरमधून निघणं शक्यच नाही. तुम्हाला ऐकू येतो तो त्याचा वरचा पापुद्रा. तेव्हा यंत्राबद्दल मत बनवण्याआधी वायरचा हेडफोन लावून ऐका. वायरचाच. ब्लूटूथमध्ये पट्टी दाबल्यावर आवाज कानाशी येईपर्यंत जाणवण्याइतका उशीर होतो, आणि आपण म्हणतो की सिंथ मंद आहे.

मग येतो मोठ्या स्पीकरला जोडण्याचा प्रश्न, आणि इथे एक खड्डा आहे ज्यात जवळजवळ प्रत्येक नवखा पडतो. अशा बऱ्याच यंत्रांना बाहेर यायला एकच हेडफोनची भोकडी असते, ३.५ मिमीची. तिच्या डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना एकच आवाज येत असतो. आपण बाजारातून ३.५ मिमी ते मोठा जॅक अशी स्टीरिओ वायर आणतो आणि स्पीकरच्या किंवा मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटमध्ये खुपसतो. ते इनपुट दोन तारांमधला फरक तेवढा उचलतं. दोन्हीकडे एकच आवाज असेल तर फरक उरतो शून्य. परिणामी आवाज येतच नाही, किंवा पोकळ, लांबून आल्यासारखा येतो. कितीतरी लोक इथेच यंत्राला शिव्या घालून थांबतात. उपाय साधा आहे : एका टोकाला ३.५ मिमी स्टीरिओ आणि दुसऱ्या टोकाला दोन वेगवेगळे मोनो जॅक अशी वाय वायर घ्या. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळते. दोनपैकी एकच जॅक लावला तरी भागतं.

गुणगुण येत असेल तर एक परीक्षा करा. अ‍ॅडॅप्टर काढा आणि बॅटरीवर वाजवा. गुणगुण गेली तर दोष अ‍ॅडॅप्टरचा. लॅपटॉपच्या यूएसबीमधून वीज घेत असाल तर तोच संशयित. नवा अ‍ॅडॅप्टर घेताना व्होल्ट जुळले एवढ्यावर थांबू नका, पिनचा मधला भाग प्लस आहे की मायनस ते यंत्रावरच्या चित्रात बघा. गिटार पेडलचे अ‍ॅडॅप्टर बहुतेक मध्ये मायनस असतात, आणि अनेक छोट्या सिंथना मध्ये प्लस लागतं. मी मित्राचा पेडलचा अ‍ॅडॅप्टर घाईत लावला होता. यंत्र वाचलं, ते माझ्या पुण्याईने नव्हे.

राहता राहिला व्हिडिओतला भरदार आवाज. त्या आवाजावर बहुतेक वेळा रिव्हर्ब (खोलीची घुमण) आणि डिले (मागून येणारा प्रतिध्वनी) यांचा जाड थर असतो. कोरडा सिंथ म्हणजे रिकाम्या खोलीत गादीवर बसून गाणं, तोच गळा देवळाच्या सभामंडपात वेगळा वाटतो. लॅपटॉपवर ऑडॅसिटीसारख्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये आवाज ध्वनिमुद्रित करून त्यावर थोडा रिव्हर्ब घालून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि 'फालतू आवाज' ही तक्रार बहुधा तिथेच मिटते.

चौथी पायरी : तीन सुरांत संसार

आता खरी 'य' तक्रार. उदाहरण म्हणून कॉर्गचा व्होल्का कीज घेऊ, कारण २०१३ साली आलेलं हे यंत्र आजही नवख्यांच्या हाती बरंच दिसतं. सहा एए बॅटऱ्यांवर चालतं, २७ स्पर्शाच्या पट्ट्या, आणि एका वेळी तीन सूर. चौथा दाबला की आधीच्यांपैकी एकाचा बळी. शिवाय तिन्ही सुरांना मिळून फिल्टर (आवाजाचा काही भाग कापणारी चाळणी) एकच. म्हणजे तीन गायक आणि माइक एक, माइकवर हात ठेवला की तिघेही दबतात.

इथे पहिली युक्ती रिलीजची. पट्टी सोडल्यावर आवाज विरायला जितका वेळ लागतो, तितका वेळ तो सूर यंत्रात जागा अडवून बसलेला असतो. रिलीज लांब ठेवलात की जुन्या सुरांच्या शेपट्याच जागा खातात आणि नवा सूर त्यांना तोडतो. रिलीज कमी करा. कॉर्ड तुटणं निम्म्याने कमी होईल, आणि लांबण हवीच असेल तर ती डिलेकडून घ्या.

दुसरी, कॉर्डमधून पंचम गाळा. सा-ग-प-नि असा चार सुरांचा गुच्छ हवा असेल तर सा-ग-नि वाजवा. षड्जाच्या स्वतःच्या नादात पंचम दडलेलाच असतो, तानपुरा ऐकणाऱ्याला हे सांगायला नको. गांधार गाळलात तर मात्र कॉर्डचा चेहराच जातो.

तिसरी, तानपुऱ्याचं काम या यंत्राला सांगू नका. मी सुरुवातीला सा आणि प धरून ठेवायचो आणि वाजवायला उरायचा एक सूर. तानपुरा फोनवरच्या अ‍ॅपला वाजवू दे.

आणि जास्त थर हवेच असतील तर एकेक ओळ वेगळी ध्वनिमुद्रित करा. आधी खालचा बेस, मग मधली कॉर्ड, मग वरची धून. १९६८ साली अमेरिकी संगीतकार वेंडी कार्लोस यांनी बाखच्या रचना मूग सिंथवर बसवल्या तेव्हा ते अवाढव्य यंत्रही एका वेळी एकच सूर काढायचं. एकेक ओळ टेपवर चढवत त्यांनी अख्खी तबकडी पुरी केली. तुमच्याकडे तीन सूर आहेत आणि लॅपटॉपवर हवे तेवढे ट्रॅक.

पाचवी पायरी : डावा हात मोकळा करा

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, बाकीचं इकडेतिकडे मिळेल.

स्वस्त सिंथवर हिरमोड होतो तो बऱ्याचदा आपण तो पियानोसारखा वाजवायला जातो म्हणून. दोन्ही हात पट्ट्यांवर, दहा बोटं, जोर-हळूची अपेक्षा. हे यंत्र त्यासाठी नाही. ते पेटीसारखं वाजवा. पेटीवर उजवा हात सुरांवर आणि डावा भात्यावर. पेटीची पट्टीही हळू-जोरात दाबून फरक पडत नाही, सगळा जीव भात्यात असतो. सिंथवर भात्याच्या जागी फिल्टरचा कटऑफ नॉब धरा.

कटऑफ बंद करत नेला की आवाज मऊ, बोळा कोंबल्यासारखा होतो, उघडत नेला की उजळतो. कुठलंही खरं वाद्य जोरात वाजवलं की ते नुसतं मोठं होत नाही, जास्त तेजस्वीही होतं. त्यामुळे कटऑफ उघडला की कानाला तो जोरच वाटतो. पट्ट्यांना दाब कळत नाही ही तक्रार इथे अर्धी संपते.

असा सराव करा. व्हॉइस मोड युनिसनवर ठेवा, म्हणजे तिन्ही आवाज एकाच सुरावर लागतील आणि नाद जाड होईल. डिट्यून, म्हणजे हे आवाज एकमेकांपासून जरा हलवणं, अगदी किंचित. कटऑफ पाव. आता यमनातला नि रे ग, सावकाश. निषादावर नॉब खाली, ऋषभावर हळूहळू उघडत, गांधारावर पूर्ण, मग सूर धरूनच परत मिटवत आणा. दहा मिनिटं एवढंच. पहिल्या दिवशी डावा हात उजव्याच्या मागे धावतो. आठवड्याभरात तो स्वतःचं बोलायला लागतो.

मग पोर्टामेंटोचा नॉब थोडा वाढवा. सूर एकावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जाईल. मींडच ही, निदान तिची चुलत बहीण. गळ्यातली मींड वाटेत रेंगाळते, वळते, यंत्राची ठरलेल्या वेगाने जाते. आलापात चालते, द्रुत तानेत सगळं लोणच्यासारखं मिसळून जातं, तेव्हा तान घेण्याआधी नॉब शून्यावर आणा. काही सिंथवर आधीची पट्टी न सोडता पुढची दाबली तरच घसरण होते, अशी सोय असेल तर ती हमखास चालू ठेवा. कुठे घसरायचं आणि कुठे तुटक वाजवायचं हे मग बोटांच्या हाती राहतं.

गंमत बघा, हे पेटीला कधीच जमलं नाही. सूर पक्के बांधलेले, मींड नाही, म्हणून आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली, आणि ती पार १९७१ पर्यंत टिकली. त्याच अपुऱ्या पेटीवर गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, तुळशीदास बोरकर यांनी काय काय काढून दाखवलं ते आपल्याकडच्या बैठकींनी ऐकलं आहे. मधल्या जागा नाहीत तर बोटांनी कणस्वर असे टाकायचे की कानाला मींडेचा भास व्हावा. ती कणांची युक्ती सिंथवरही चालते, पोर्टामेंटो नसलेल्या यंत्रावर तर तीच वापरा.

एक कुरबुर इथेही आहे. पट्ट्यांचा गांधार आपल्या शुद्ध गांधारापेक्षा १४ सेंट चढा लागतो, एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरले तर. तानपुऱ्यावर धरून ठेवला की तो टोचतो. कॉर्गच्या मोनोलॉगसारख्या काही परवडणाऱ्या यंत्रांत प्रत्येक सूर हवा तसा हलवता येतो, बहुतेकांत नाही. नसेल तर गांधारावर फार मुक्काम करू नका. अ‍ॅनालॉग (संगणकी चिपऐवजी विजेच्या मंडलांतून आवाज काढणारं) यंत्र असेल तर चालू करून पंधरा मिनिटं तापू द्या, मगच तानपुऱ्याशी जुळवा. थंड असताना जुळवलेलं नंतर सरकतं.

सहावी पायरी : आठवण यंत्राला नाही, तुम्हाला ठेवायची आहे

आवाज साठवता येत नाही ही तक्रार ऐकली की मला हसू येतं, कारण मिनीमूग हा गाजलेला सिंथ १९७० साली आला तेव्हा त्यालाही ही सोय नव्हती. एका बटणावर सगळे आवाज परत आणून देणारा प्रॉफेट-५ आला १९७८ मध्ये. तोवर वादक कागदावर नॉबची चित्रं काढून ठेवायचे.

तुमच्याकडे फोन आहे. आवाज जमला की वरून सरळ एक फोटो काढा, तिरका नको, नॉबची खूण चुकीची दिसते. त्याला लागून दहा सेकंदांचं ध्वनिमुद्रण करा. दोघांना एकच नाव द्या. 'पॅड ३' असं नाव नको, महिन्याने काही बोध होत नाही. माझ्याकडे 'ओला पितळी घंगाळ', 'दुपारचा पंखा' अशी नावं आहेत आणि ती मला लगेच आठवतात. परत लावताना आवाज अगदी तोच येणार नाही, थोडा हलेल. त्या हललेल्यातून कधी कधी मूळच्याहून बरं निघतं.

सातवी पायरी : पट्ट्या आणि पायऱ्या, थोडक्यात

बारीक पट्ट्यांचा त्रास असेल तर बाहेरून मिडी कीबोर्ड जोडा, म्हणजे स्वतः न वाजता कुठली पट्टी दाबली एवढंच वायरीतून दुसऱ्या यंत्राला कळवणारा. फक्त घेताना बघा : तुमच्या सिंथला पाच पिनांचं गोल मिडी इन असेल, तर कीबोर्डलाही पाच पिनांचं मिडी आउट हवं. नुसता यूएसबीचा कीबोर्ड थेट जोडता येत नाही, मध्ये लॅपटॉपसारखं काहीतरी लागतं. आणि बाहेरच्या कीबोर्डला दाब कळतो म्हणून सिंथलाही कळेल असं समजू नका. व्होल्का एफएम हा २०१६चा सिंथ मिडीवरून आलेला दाब मानतच नव्हता, २०२२मध्ये आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत ते सुधारलं आणि एका वेळी वाजणारे सूरही तीनाचे सहा झाले. खरेदीआधी मॅन्युअल डाउनलोड करून वाचायचं ते याचसाठी. खोक्यावर हे कुणी छापत नाही.

सिक्वेन्सरच्या (सूर ओळीने लावून आपोआप वाजवणाऱ्या भागाच्या) १६ पायऱ्यांबद्दल तक्रार का करतात ते मला अजून कळलेलं नाही. तीनतालाच्या मात्रा १६च. पायऱ्या कमी करता येत असतील तर १० ठेवा, झपताल. १४ ठेवा, रूपकाची दोन आवर्तनं. १२ ठेवा, एकताल.

याच संदर्भात एक मुंबईची गोष्ट. रोलंडचं टीबी-३०३ हे छोटं चंदेरी यंत्र १९८१ साली आलं, गिटारवाल्यांना घरी बेसची साथ मिळावी म्हणून. बेस गिटारसारखं ते मुळीच वाजत नसे, म्हणून खपलं नाही आणि १९८४ मध्ये बंद झालं. पण १९८२ साली मुंबईत हिंदी सिनेसंगीतातले वादक चरणजीत सिंग यांनी त्याच ३०३च्या फिरत्या, घसरत्या बेसवर आणि टीआर-८०८ या तालयंत्राच्या तालावर दहा राग वाजवून ठेवले. शिकागोहून ३०३चा तसाच नाद घेऊन निघालेली अ‍ॅसिड हाउस या नाचाच्या संगीतप्रकाराची पहिली प्रसिद्ध तबकडी १९८७ची. प्रामाणिकपणे सांगायचं तर सिंग यांच्याकडे वरचे सूर काढायला ज्युपिटर-८ होता आणि तो काही गरिबाचा सिंथ नव्हे. पण ३०३ला त्यांनी बेस गिटारची नक्कल करायला लावलं नाही, हे बघण्यासारखं आहे.

आठवी पायरी : महिन्याने वही परत उघडा

एक महिना, रोज अर्धा तास. मग तक्रारींचं पान काढा आणि 'ब' आणि 'म' यातलं जे सुटलं त्यावर काट मारा. जे 'य' उरतील तीच तुमची पुढच्या खरेदीची यादी. 'चांगला सिंथ हवा' म्हणून दुकानात जाऊ नका, 'एका वेळी आठ सूर, दाब कळणाऱ्या पूर्ण मापाच्या पट्ट्या आणि आवाज साठवायची सोय' म्हणून जा. यातलं एकच खरं गरजेचं आहे असंही कदाचित दिसेल, आणि पैसे वाचतील.

पैसे खर्चण्याआधी आणखी एक गोष्ट करा. लॅपटॉप असेल तर सर्ज एक्सटी आणि डेक्स्ड ही सिंथची दोन सॉफ्टवेअर फुकट उतरवून घ्या. पहिलं कुठल्याही स्वस्त खोक्यापेक्षा खोल आहे, दुसऱ्यात यामाहाच्या १९८३च्या डीएक्स-७ सिंथचं अख्खं तंत्र आहे. यांच्यावर तुमचं समाधान झालं तर तुम्हाला यंत्र नको, एक बरा मिडी कीबोर्ड हवाय. आणि दोन दिवसांत माउस फिरवून कंटाळलात, हात नॉबसाठी शिवशिवले, तर छोटा सिंथ विकू नका.

विकायचाच ठरला तर बॅटऱ्या काढून ठेवा, पाणी सुटलेल्या बॅटऱ्यांनी खालच्या पत्र्या हिरव्या पडल्या की निम्मी किंमत जाते. खरखरणाऱ्या नॉबला कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून वीस-पंचवीस वेळा फिरवा. अ‍ॅडॅप्टर आणि ती वाय वायर घेणाऱ्याला बरोबर द्या, आणि जॅक कुठे लावायचा तेही दाखवा, नाहीतर तो रात्री फोन करून म्हणेल की आवाजच येत नाही.